देवघरातलं पाकीट

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या परिवारात छोटे उद्योग करणारे बरेच आहेत. कुणाची पीठगिरणी, कुणाचं शिवणकाम, कुणाचे मसाले. आमच्याकडे इंदूरला दिवाळीचा फराळ होतो. बेसन-तेल सियागंजहून आणायचं, चकल्या-चिवडा घरी करायचा आणि माल चार-पाच दुकानांत द्यायचा. हिशेब मी बघते, म्हणून हे माझ्याच वहीतलं सांगते आहे.

मागच्या दिवाळीनंतर दुकानदारांनी पैसे थकवले. मग आम्हीही आमच्या दोन मावशींची बारा दिवसांची मजुरी थांबवली. "तिकडून आले की देऊ, त्या काय पळून चालल्यात?" असं घरात बोलणं झालं आणि मीही मान डोलावली. दत्तजयंतीच्या अन्नदानासाठी 5,100 रुपयांचं पाकीट मात्र तयार होतं. कुंकू लावून देवघरात ठेवलेलं.

सत्संगात महाराज बोलता बोलता म्हणाले, "दानाला निघताना घरी कुणाचं देणं ठेवून निघालात ते बघा. ज्याचं देणं बाकी आहे त्याचा पैसा आपल्या पेटीत असतो, आपला नसतो." कुणाकडे बघून म्हणाले नव्हते. मला मात्र मान वर करवेना.

लहान उद्योगाची नोंदणी असेल तर माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे चुकते करायचे, असा 2006 चा कायदा आहे. आमच्या ह्यांना तो तोंडपाठ. दुकानदाराला फोनवर ऐकवतात. मावशी आम्हाला काय ऐकवणार? आपण कामाच्या बाईला मावशी म्हणतो, चहा देतो, जुनी साडी देतो. सगळं प्रेमानेच. पण त्या प्रेमामुळेच तिला स्वतःच्या घामाचे पैसे मागायला जड जातं, हे माझ्या पन्नाशी उलटेपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

तुकोबांच्या घरीही दुकान होतं, सावकारी होती. लोकांकडून येणं असलेले आपल्या वाट्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले, असं सांगतात. येणं सोडायची आपली कुणाची तयारी नाही, ते राहू द्या. आम्ही तर देणंच दाबून बसलो होतो, आणि वर अन्नदान!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट उघडलं. ह्यांना आधी आवडलं नाही. "देवाचे काढलेले पैसे" म्हणाले. मी म्हटलं, देवाचे नव्हतेच ते. दोघींना मजुरी दिली. थोडे कमी पडले ते घरखर्चातून घातले. एका मावशींनी नोटा मोजल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, बरं झालं. गॅस संपून चार दिवस झाले होते." आमच्या मागच्या खोलीत तेव्हा दोन भरलेल्या टाक्या होत्या.

त्या दत्तजयंतीला माझ्या नावापुढे आकडा नव्हता. पहाटेपासून पोळ्या लाटल्या.

यंदाच्या अन्नदानाची नावं रविवारपर्यंत कळवायची आहेत. ज्यांच्याकडे कामाला माणसं आहेत त्यांनी आधी आपली वही बघून घ्यावी. आकडा लहान असला किंवा नुसतं "हातसेवा" लिहिलं तरी चालेल. यादी माझ्याकडेच आहे.