भिंतीलगतचे झाड



घरभेटीच्या वेळी एका ताईंनी आम्हांला विचारले, "फादर, शेजारी वरचा मजला चढला. त्यांच्या खिडकीतून आमची न्हाणी दिसते. भिंतीलगत लावायला एखादं झाड सांगा."

शेजाऱ्यापासून आडोसा करणे शेजारप्रीतीला सोडून होईल का, अशी शंका त्यांच्या मनात होती. आम्हांला तसे वाटत नाही. दानीएलच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात सुसान्ना स्नानाआधी बागेची दारे लावून घ्यायला सांगते. शास्त्र तिला बोल लावत नाही. दोष लपून पाहणाऱ्या दोघा वडीलधाऱ्यांचा आहे. आडोसा मागणे हा तिचा मान होता.

तरीही आपल्या भागात भिंत ही नुसती भिंत नसते. आपल्यापैकी अनेकांच्या आजे-पणज्यांची घरे गावकुसाबाहेर होती. 'तू पलीकडचा' हे भिंत न बोलता कसे सांगते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तेच आपल्या झाडाने शेजाऱ्याला सांगू नये. म्हणून खड्डा खणण्याआधी त्यांच्याकडे चहाला जावे, अडचण सांगावी. कदाचित ते खिडकीला पडदा लावतील आणि झाडाची गरजच उरणार नाही.

लावायचेच तर कोणते? पिंपळ-उंबर नको, मुळ्या भिंत फोडतात. कण्हेर कमी पाण्यात बारमाही हिरवी राहते, पण ती मुळापासून फुलापर्यंत विषारी. शेजारच्या लेकराने पान तोंडात घातले तर? सीताफळ आपल्या मातीतले, पण ऐन उन्हाळ्यात पाने गाळून बसते. हिरव्यागार कुंपणासाठी रोज नळी सोडणेही आम्हांला पटत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे.

आम्ही अडुळसा सुचवला. पुरुषभर वाढतो, छाटला की दाट होतो, शेळ्या तोंड लावत नाहीत. शिवाय खोकल्याच्या काढ्याला पाने शेजाऱ्यालाही तोडता येतात. मालकी आपली असली तरी वापर गरजवंताला खुला असावा, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. ते अशा झाडाला चांगले लागू पडते.

"आणि शेजारी नाहीच ऐकले तर?" ताईंनी विचारले.

तर लावा, आम्ही म्हणालो. भिंतीपासून दोन फूट सोडून. मृगाच्या पावसात अडुळशाची नुसती फांदी खोचली तरी लागते.