सोडत आणि कौल

शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांची सोडत निघाली की ज्यांच्या मुलाचे नाव यादीत येते ते देवाची कृपा म्हणतात आणि ज्यांचे येत नाही ते नशिबाला बोल लावतात. दोन्ही उद्गार आपल्या तोंडी इतके रुळलेले आहेत की त्यांत एक अख्खे तत्त्वज्ञान दडले आहे, हे ध्यानात येत नाही. पहिलीत जाणाऱ्या पोराची शाळा संगणकाने ठरवली, म्हणजे ती दैवाने ठरवली का? तसे म्हटल्याने कुणाचे काही बिघडत नाही, असे वाटेल. मला वाटते, बिघडते.

तळकोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते ते पाहायचे. उजवी पडली तर सहसा होकार. त्रयस्थाला ही चिठ्ठी टाकण्यासारखीच वाटेल. पण कौल लावणाऱ्याची श्रद्धा असते की समोरचा ऐकतो आहे, त्याला आपली अडचण ठाऊक आहे आणि तो विचार करून उत्तर देतो आहे. सोडतीत असा कुणी नसतो. नसावा, यासाठीच ती आहे. २००९च्या या कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची चाळणी लावायला मनाई केली, आणि चाळणीची व्याख्याच अशी केली की एका मुलाला दुसऱ्यापेक्षा झुकते माप देणारी, यदृच्छेखेरीजची कोणतीही पद्धत तिच्यात यावी. म्हणजे कायदा दैवाला शरण गेला नाही. निवडणाऱ्या माणसाचा हात त्याने बाजूला केला, एवढेच. अथेन्सचे लोक बरीचशी अधिकारपदे चिठ्ठ्यांनी भरत, आणि ॲरिस्टॉटलने त्या रीतीला लोकशाहीची खूण मानले.

यावर गुणवत्तेचा आक्षेप ठरलेला. पण सहा वर्षांच्या मुलाची स्वतःची अशी कोणती कमाई असते? त्या वयात मुलाखत घेतली तर आईचे इंग्रजी आणि बापाचा हुद्दाच तपासला जातो. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कर्मसिद्धान्त मानणारा म्हणेल, मुलाची कमाई या जन्मीची नसली तरी मागची आहे, आणि तिचेच फळ सोडतीतून बाहेर पडले. हे खोडून काढता येत नाही, आणि अडचण तीच आहे. कारण मग पूर्वी मुलाखतीत नाकारलेल्या मुलालाही त्याचेच फळ मिळाले होते, असे म्हणावे लागते. न्याय्य पद्धत आणि अन्यायी पद्धत यांत ज्या तत्त्वाला फरक करता येत नाही, ते घरात सांत्वनाला चालेल. प्रवेशाचे नियम जोखायला ते कुचकामी आहे.

शिवाय, सोडत निष्पक्ष असली तरी तिच्या भांड्यात काय पडते ते माणसेच ठरवतात. जातीच्या आरक्षणात न बसणाऱ्या कुटुंबाला महाराष्ट्रात सहसा वार्षिक एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. तो वेळेत मिळाला नाही, तर ते पोर सोडतीआधीच बाद. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्याने नियम बदलले: सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागा द्याव्या लागणार नव्हत्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये हा बदल रद्द केला. मधल्या काळात कित्येक जागा एका अधिसूचनेने नाहीशा झाल्या होत्या आणि न्यायालयाच्या आदेशाने परत आल्या. यात पाकळी कोणती आणि देव कोणता? कुणी म्हणेल, चांगल्या शाळा थोड्याच असणार, मग वाटणीला दुसरा उपाय काय? वाटणीला नसेलही, आणि तिथवर सोडतीवर माझा आक्षेप नाही. पण शाळा थोड्या असणे हे ग्रहमानासारखे वरून येत नाही. ते अंदाजपत्रकात ठरते, शिक्षकांच्या रिकाम्या जागांत ठरते. नशिबाला बोल लावला की हा सगळा हिशेब विचारायचा राहून जातो. शाहू महाराजांनी १९१७मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा पालकाला दंड होता तो मुलाला शाळेत न धाडल्याचा. सोडतीत नाव न लागल्याचा प्रश्नच त्या कायद्यात उद्भवत नव्हता.