रेडिएटरमागची भिंत

इंग्लंडातील बहुतेक घरांत खिडकीखाली पोलादाची एक चपटी पेटी भिंतीला टांगलेली असते. तिच्यातून गरम पाणी फिरते आणि हिवाळ्यात खोली ऊबदार राहते. ही पेटी, म्हणजे रेडिएटर, आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम काही सेंटिमीटरांची फट असते. खोलीचा जुना वॉलपेपर काढून नवा लावण्याची वेळ आली, की या फटीपाशी कारागिराचा हात थबकतो. जे कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही, ते काम नीट करण्याचे बंधन त्याच्यावर आहे काय?

मार्ग दोन आहेत. पहिल्यात दोन्ही बाजूंच्या झडपा बंद करायच्या, आतले काळपट पाणी भांड्यात उतरवून घ्यायचे, पेटी ब्रॅकेटांवरून उचलून बाजूला ठेवायची, जुना कागद भिजवून रुंद पात्याने खरवडायचा आणि कोऱ्या भिंतीवर नवा चिकटवायचा. दुसऱ्यात पेटी जागची हलत नाही. हात पोहोचेल तेवढाच जुना कागद निघतो. नवा कागद वरून वीतभर आत सरकवला जातो, ब्रॅकेटांच्या जागी चिरला जातो आणि लांब दांड्याच्या बारीक रुळाने दाबला जातो. खाली जुना कागद तसाच राहतो. काम संपल्यावर खोलीच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाला दोहोंतला फरक ओळखता येत नाही.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लॉकन गायजीसच्या अंगठीची कथा सांगतो. अदृश्य करणारी ती अंगठी सापडताच एक मेंढपाळ राजाला मारून सिंहासन बळकावतो. अशी अंगठी हाती आल्यावर न्यायी माणूसही न्यायी राहील काय, असा ग्लॉकनचा सवाल आहे. कारागिराला अंगठीची गरज नाही. प्रत्येक खोलीत त्याच्यासाठी वीतभर अदृश्यता टांगलेलीच असते. मोहही सिंहासनाचा नाही, तासाभराच्या श्रमाचा आहे. पण बहुतेक माणसांची परीक्षा अशाच तासाभराच्या मोहांनी होते.

तरीही दुसरा मार्ग धरणाऱ्याला लबाड ठरवण्याची घाई करू नये. पेटी उतरवण्यात जुने सांधे गळू लागण्याचा धोका असतो, वेळ जातो आणि त्या वेळेचे दाम कोणीतरी मोजावे लागतात. “पेटीमागे वीतभरच कागद जाईल, खाली जुनाच राहील,” असे घरधन्याला आधी सांगून आणि मजुरी त्या बेताने घेऊन काम करणारा कारागीर पूर्णपणे प्रामाणिक आहे. उलट, पुऱ्या कामाचे पैसे घेऊन अर्धे काम पेटीआड दडवणारा कारागीर समोरची भिंत कितीही सुबक करो, त्या सुबकतेचाच तो खोट्या साक्षीसारखा उपयोग करत असतो. अप्रामाणिकपणा न केलेल्या कामात नसतो; सांगितलेले आणि केलेले यांच्यामधल्या फटीत असतो.

पण घरधनी आणि कारागीर यांचे एकमत झाले, म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. भिंतीला पुढचे रहिवासीही असतात. कधीतरी रेडिएटर बदलला जातो, नवा आकाराने लहान निघतो आणि झाकलेला पट्टा उजेडात येतो. ज्यांना कोणी काही सांगितलेले नसते, अशांच्या वाट्याला ते अर्धे काम येते. वर्तमानातील संमतीने भविष्यातील माणूस बांधला जात नाही.

याच पट्ट्याला दुसरी बाजूही आहे. जिथे कोणी खरवडले नाही, तिथे जुन्या कागदांचे थर एकावर एक टिकून राहतात, आणि पूर्वीच्या रहिवाशांनी निवडलेली वेलबुट्टी अभ्यासकांच्या हाती लागते. मग आळसालाच जतनाचे श्रेय द्यायचे काय? नाही. जतन करण्यासाठी मुद्दाम हात आवरणे आणि कंटाळून हात आखडणे यांचे फळ एकच दिसले, तरी त्यांचे मोल एक नाही. कारण भिंतीवर काय उरले यावरून कारागिराचे शील ठरत नाही.

ते ठरते त्या क्षणी, जेव्हा तो पेटीपाशी वाकतो, आतला अंधार पाहतो आणि उठून घरधन्याला काय सांगायचे याचा निर्णय करतो.