रीएंट्री आणि अनुद्यूत



आजचं वाचन : महाभारत, सभापर्व. द्यूत आणि त्याला लागून येणारं अनुद्यूत.

खरं सांगायचं तर हा भाग दोन दिवस टाळत होतो. परवा येणार होता, मी मधेच विदुराचा उपदेश घुसवला. टाळण्याचं कारण असं की गेल्या महिन्यात मी स्वतः फडावर बसून आलोय. तेव्हा शकुनी कसा कपटी आणि युधिष्ठिर कसा भोळा हे नेहमीचं लिहायला हात धजेना.

ऑफिसची ट्रिप गोव्याला होती. तिसऱ्या रात्री आम्ही चौघे पणजीच्या जेटीवरून छोट्या होडीत बसून मांडवीतल्या एका कॅसिनो-बोटीवर गेलो. आपल्या महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ साली कायदा झाला होता, पण तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. गोव्यात मात्र १९७६ च्याच जुगारबंदी कायद्यात १९९० च्या दशकात दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलातल्या मशीन आणि मग पाण्यावरच्या बोटी यांना वाट दिली. गंमत बघा, २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. आपल्या घरातल्यांना नको, बाहेरून येणाऱ्यांना चालेल. धृतराष्ट्राची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

पोकर मला येत होतं. डहाणू लोकलमध्ये उभं राहून दोन वर्षं मोबाईलवर खेळलोय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, पैसे लावून खेळायची ॲप बंद झाली आणि मला वाटलं, सुटलो. पण सुटलो नव्हतो. फक्त संधी नव्हती.

त्या रात्री छोटी टूर्नामेंट होती. प्रवेश साडेपाच हजार, पाच टेबलं, चाळीसेक माणसं. प्रत्येकाला सारख्या चिप मिळतात. दर वीस मिनिटांनी ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच सक्तीने टाकायची रक्कम, वाढत जाते. त्यामुळे गप्प बसून राहिलात तरी चिप झिजतातच. माझे साडेपाच हजार स्वतःचे होते. दोन तास बरं चाललं. मग हातात राण्यांची जोडी आली आणि मी सगळं पुढे सरकवलं. समोरच्याकडे एक्का-बादशहा. अशा वेळी राण्या निम्म्याहून थोड्या जास्त वेळा जिंकतात. शेवटचं पान बादशहा निघालं.

मी उठलो. उठलो म्हणजे खरोखर उठलो, खुर्ची मागे सरकवली. आणि एक मुलगा अदबीने जवळ येऊन म्हणाला, "सर, रीएंट्री? अजून दहा मिनिटं चालू आहे."

आता ग्रंथाकडे येतो.

आपल्याला द्यूत आठवतं ते एकच. पण व्यासांनी दोन खेळ लिहिलेत. पहिल्यात युधिष्ठिर सगळं हरतो, भाऊ हरतो, स्वतःला हरतो, द्रौपदीला लावतो. मग धृतराष्ट्र घाबरून द्रौपदीला वर देतो आणि सगळं परत मिळतं. राज्य, रथ, शस्त्रं, स्वातंत्र्य. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागतात. आणि अर्ध्या वाटेत मागून निरोप येतो, राजाने पुन्हा खेळायला बोलावलंय. तो निरोप आणणाराही तोच प्रातिकामी, ज्याला आधी द्रौपदीला सभेत आणायला पाठवलं होतं. आणि युधिष्ठिर परत फिरतो! एकच डाव, बारा वर्षं वनवास आणि एक वर्षं अज्ञातवास. हेच अनुद्यूत.

पहिल्या खेळात त्याला फसवलं, असं म्हणायला जागा आहे. दुसऱ्या खेळाच्या वेळी तर त्याला शकुनी कोण ते पक्कं कळलेलं होतं. मी वर्षानुवर्षं हे वाचून चिडायचो, अरे, जातोस कशाला? त्या दिवशी मांडवीवर मला तो माणूस कळला. हरलेल्या माणसाला खेळ हरल्यासारखा वाटतच नाही, अर्धवट राहिल्यासारखा वाटतो.

महिनाअखेर होती. खात्यात माझे असे हजार-बाराशे. पण त्याच खात्यात चौदा हजार रुपये होते, आईच्या बचत गटाचे. आमच्या कैनाडला गटाने पिठाची छोटी गिरणी टाकलीये, तिची मोटर जळली होती. आई गटाची सचिव. मुंबईत स्वस्त मिळते म्हणून तिने मला रोख पैसे दिले होते, लोहार चाळीतून मोटर आणायला.

मी त्यातून साडेपाच हजार भरले. फोनवर पिन टाकायला किती वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे.

आणि मित्रांनो, मी जिंकलो. चौथा आलो. एकवीस हजार, कर कापून हातात चौदा हजार सातशे. दोन्ही प्रवेशांचे अकरा हजार वजा केले तरी तीन हजार सातशे फायदा. गटाचे पैसे त्याच रात्री जागेवर आले. होडीतून परतताना मित्र पाठीवर थापा मारत होते आणि मी मनाशी म्हणत होतो, झालं की! कुणाचं काय बिघडलं?

पोकर हा बुद्धीचा खेळ आहे, नशिबाचा नाही, असं माझे मित्र म्हणतात. महाभारत हे नाकारत नाही. वनपर्वात नळाची गोष्ट आहे. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं-फळं अचूक मोजून दाखवतो आणि नळाला अक्षविद्या शिकवतो. विद्या मिळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरतो. वेदकाळी फासे बेहड्याच्याच फळांचे असत. आमच्या घरामागे बेहडा आहे. लहानपणी आम्ही त्याच्या बिया दगडाने फोडून आतला गर खायचो, त्यात कली असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा कौशल्य असतं, हे मान्य. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत छळ करणाऱ्यांमधलं द्यूत मीच असं सांगतात, तेही काहीजण पुढे करतात. पण त्याच अध्यायात ते स्वतःला सगळं हरण करणारा मृत्यू म्हणवतात, वज्र म्हणवतात, मगर म्हणवतात. मगरीला कुणी मिठी मारत नाही.

द्रौपदीचा प्रश्न मात्र कौशल्याबद्दल नाहीच. न्यायला आलेल्या प्रातिकामीला ती म्हणते, जा आणि त्या जुगाऱ्याला विचार, आधी स्वतःला हरला की मला? जो स्वतःचाच राहिला नाही, त्याला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क कुठला? भीष्मांना उत्तर देता आलं नाही. कौरवांतला एकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलला.

त्या रात्री मला वाटत होतं की हा प्रश्न हरणाऱ्यासाठी आहे. जिंकलो, म्हणजे सुटलो. पण समजा तो डाव युधिष्ठिराच्या बाजूने पडला असता, तर? द्रौपदी अंतःपुरात निवांत राहिली असती, तिला कळलंही नसतं. ती पणाला लागलेली असती ती असतीच.

पुढच्या शनिवारी मोटर घेतली आणि कैनाडला गेलो. आईने मोटर नंतर पाहिली, आधी पावती मागितली. "गटात दाखवायला लागते." मग वही काढली. दर सोमवारचे पन्नास-पन्नास, कुणाचे तीस, कुणाच्या नावापुढे "मजुरी मिळाली नाही" असं लिहिलेलं. ते वाचलं आणि सांगून टाकलं. सगळं, चौथा आलो ते पण.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एवढंच विचारलं, "हरला असतास तर सांगितलं असतंस?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही.

"सोमवारी रजा टाक," ती म्हणाली. "बायांना तूच सांग."

सांगितलं. अंगणात चौदाजणी बसल्या होत्या, गिरणी सुरू झाली होती, खालून पिठाचा वास येत होता. एक काकू मोठ्याने हसल्या, "आमच्या पैशावर जिंकलास ना रे? मग आमचा वाटा कुठंय?" सगळ्या हसल्या. आई हसली नाही. तिने गटाचा नियम वाचून दाखवला : कर्ज घेतल्यास महिना दोन टक्के व्याज, एक दिवस वापरलं तरी पूर्ण महिन्याचं. साडेपाच हजारांचे झाले एकशेदहा. मी शंभराची आणि दहाची नोट काढून ठेवली.

नोंद करताना मी वहीत डोकावलो. कर्ज घेणाऱ्याच्या रकान्यात आईने स्वतःचं नाव लिहिलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "तू सभासद नाहीस. दुसऱ्या कुणाचं लिहिणार?"

उद्याचं वाचन : वनपर्व, आरंभ.

राम कृष्ण हरी.