कुकडीचे रांजण आणि इंद्रायणीचे देणे

आज एका प्रश्नाचा आपण मिळून विचार करू. गर्दीतून, धुरातून, रोजच्या धावपळीतून उठून माणूस एखाद्या निर्जन ठिकाणी जातो. तिथे त्याचे मन निवते, वाणी आपोआप थांबते, डोळे भरून येतात. ही शांती म्हणजे भक्तीच का? आणि ती घेऊन घरी परतलेल्या माणसावर तिचे काही ऋण राहते की नाही?

पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न फार जवळचा आहे. तीन पाळ्यांत आयुष्य वाटले गेलेले. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी चाकणच्या चौकातली वाहनांची रांग. गुरुवारची सुट्टी आली की जीव म्हणतो, कुठेतरी लांब जाऊ, जिथे भोंगा ऐकू येणार नाही.

अशाच ओढीने पुष्कळ जण निघोजला जातात. तुम्हीही गेला असाल. गेला नसाल तर एकदा जरूर जा. चाकणहून शिक्रापूर, पुढे शिरूर आणि तिथून टाकळी हाजी. घाटाकडची हिरवाई मागे पडते आणि पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख सुरू होतो. बाजरी-ज्वारीची रानं, बाभळी, उघडे माळ. इथे नदी असेल असे लांबून वाटतही नाही. जमीन सपाट दिसते आणि चालता चालता एकदम पायापुढे काळ्या कातळाची भेग उघडते. तिच्या तळाशी कुकडी. अलीकडे पुणे जिल्ह्यातले टाकळी हाजी, पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातले निघोज आणि दोन्ही तीरांवर मळगंगा देवीचे ठाणे. मधल्या पात्रात खडकाला पडलेली शेकडो कुंडे आहेत. कोणी रांजणाएवढे, कोणी विहिरीसारखे खोल, कोणी एकमेकांत मिसळून कमानी झालेले. म्हणून त्यांना रांजणखळगे म्हणतात. पाहताना पाय मात्र जपून टाका. तो खडक गुळगुळीत आहे आणि कुंडांची खोली वरून कळत नाही.

आता हे रांजण घडवले कोणी, ते नीट समजून घेऊ. हा खडक साधारण 6.5 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, सह्याद्री ज्याचा घडला त्याच जातीचा. नुसत्या पाण्याने तो इतका कोरला जात नाही. पुराच्या पाण्यात दगडगोटे वाहत येतात. खडकातल्या एखाद्या लहानशा खाचेत गोटा अडकतो, भोवरा त्याला गरगर फिरवतो आणि फिरता फिरता तो खाच खोल करीत जातो. एका फेरीत फार तर कणभर. खडकाबरोबर गोटाही झिजतो. तो संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो आणि पहिल्याने सोडलेले काम हाती घेतो.

यात साधकाने ध्यानात घ्यावे असे दोन विशेष आहेत. पहिला असा, की घासणारा गोटा स्वतः अखंड राहत नाही. नामाची फेरी चालू ठेवायची आणि आपला अहंकार मात्र होता तेवढाच जपायचा, हे जमत नाही. दुसरा विशेष आपल्या प्रश्नाला अधिक लागू आहे. उन्हाळ्यात आपण जातो तेव्हा तिथे जी शांतता दिसते, त्या शांततेत रांजण घडलेले नाहीत. ते घडले गढूळ, गर्जणाऱ्या पुरात, दगडांच्या खडखडाटात. आपण पाहतो ते झालेले काम. काम चालू असताना तिथे कानठळ्या बसत असतील.

मग कारखान्यातला माणूस जेव्हा म्हणतो, “मशीनच्या आवाजात कसले नामस्मरण? निवृत्त झालो की कुठेतरी शांत जागी बसेन,” तेव्हा कुकडी त्याला काय सांगेल? तुझा पूर आत्ता चालू आहे. घडायचे ते आत्ताच घडेल. गोरोबाकाका माती तुडवीत होते, सावतामहाराज अरणला मळा शिंपीत होते. सावतोबा पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, असे संप्रदाय सांगतो. पुंडलिकाने तर आईवडिलांची सेवा चालू असताना देवाला विटेवर थांबवले. आपल्या दैवताची मूर्तीच मुळी थांबलेली आहे, हातातले काम सोडून कोणी यावे अशी अट न घालता.

यावर कोणी म्हणेल, “तुकोबाराय एकांतात गेलेच की! भामचंद्र, भंडारा, घोराडेश्वर या डोंगरांवर ते बसत.” खरे आहे. भामचंद्राचा डोंगर तर आज चाकणच्या कारखान्यांच्या शेजारी उभा आहे. पण बुवा डोंगरावरून उतरत होते, हे विसरू नये. डोंगरावर जे मिळाले ते त्यांनी देहूच्या कीर्तनात वाटून टाकले. त्यांचा एकांत लोकांकडे परत येणारा होता. ज्या एकांतातून माणूस आपल्या माणसांकडे, आपल्या गावाकडे अधिक प्रेमाने परततो, तो एकांत भक्तीच्या कुळातला. ज्यातून घरच्या माणसांचा, घरच्या गावाचा वीट घेऊन परततो, ती नुसती करमणूक झाली, मग ती कितीही पवित्र वाटो.

इथे आपण दुसऱ्या प्रश्नाशी येतो. कुकडीकाठी मन निवलेला माणूस घरी येतो आणि मोशीच्या किंवा आळंदीच्या पुलावरून इंद्रायणी पाहतो. काय दिसते? काळपट पाणी, आणि कधीकधी त्यावर पांढऱ्या फेसाचे डोंगर. तो फेस साबण-डिटर्जंटयुक्त सांडपाण्याचा आणि कारखान्यांच्या न शुद्ध केलेल्या पाण्याचा. तो बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याने घुसळला जातो. ज्या डोहातून तुकोबांची गाथा 13 दिवसांनी वर आली अशी आपली श्रद्धा, ज्या काठावर 1296 साली माउलींनी संजीवन समाधी घेतली, तीच ही नदी. माणूस नाक दाबून म्हणतो, “नदी असावी तर निघोजसारखी.” आणि पुढे जातो.

थांबा, माउली. जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. कुकडी घोडनदीला मिळते, घोड भीमेला मिळते. इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिसळते. चाकणकडची भामाही भीमेतच जाते. पवना दापोडीला मुळेत, मुळा-मुठा पुढे भीमेत. आणि भीमा पंढरीत चंद्रकोरीसारखी वळली की तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. म्हणजे निघोजच्या रांजणातले पाणी आणि आपल्या न्हाणीघरातले पाणी एकाच दिंडीत चालले आहे, एकाच वाळवंटाकडे. आषाढीला आपण ज्या पाण्यात उभे राहून हात जोडतो, त्यात आपण वर्षभर काय सोडले, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

आणखी एक. कुकडीलाही ‘माणसाचा हात न लागलेली’ म्हणू नये. वर जुन्नर तालुक्यात माणिकडोह, येडगाव ही धरणे तिच्यावर आहेत. पावसाळा सरला की खाली किती पाणी यायचे, ते माणसेच ठरवतात. तेव्हा एक नदी देवाची आणि एक माणसाची, अशी वाटणी नाही. दोन्ही देवाच्या आणि दोन्ही आपल्या हाती सोपवलेल्या.

“पण आम्ही गरीब माणसे काय करणार?” हा आक्षेप मी हलका मानत नाही. नाल्यात विष सोडणारा मोठा, मैलापाणी शुद्ध न करता सोडणारी व्यवस्था मोठी. समजा, एखाद्या वारकऱ्याला रात्रपाळीत कोणी सांगितले, “टाकी भरलीय, व्हॉल्व्ह उघड, जाऊ दे नाल्यात.” तो ठेकेदाराकडचा कामगार. घराचा हप्ता आहे, मुलीची फी आहे. गळ्यात माळ आहे आणि हात व्हॉल्व्हवर आहे. त्याने काय करावे? “नोकरी सोड” असे घरी बसून सांगणे सोपे आहे. ते सांगण्याचा अधिकार माझ्यापाशी नाही. पण एवढे निश्चित, की त्याला त्या रात्री एकटे सोडणे हे पाप आपल्या सगळ्यांचे आहे.

आपला संप्रदाय एकट्याने चालण्याचा नाहीच. दिंडीत ओळ असते, वीणेकरी असतो, थकलेल्याची पिशवी दुसरा घेतो. मग नदीच्या बाबतीतच प्रत्येकाने एकटे का पडावे? ज्या कामगाराचे नाव पुढे येता कामा नये, त्याच्याऐवजी अख्ख्या भजनी मंडळाने प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज लिहावा. एकादशीच्या हरिपाठानंतर पाच मिनिटे सोसायटीत विचारावे, आपले सांडपाणी शुद्ध होते का, ते यंत्र चालू आहे की बंद? निर्माल्य पाण्यात टाकू नये, घाटावर साबण लावू नये, हे तर आजपासून. त्याच पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीने दुष्काळी शिवारातले वाहून जाणारे पाणी अडवले. त्या कामाची सुरुवात गावच्या यादवबाबांच्या देवळाच्या जीर्णोद्धारापासून झाली होती. देऊळ आणि ओढा यांच्यात अंतर फार नसते.

एका अर्जाने नदी निवळणार नाही, हे खरे. एका गोट्याच्या एका फेरीने रांजणही होत नाही. पण फेरी चुकवली तर खाच आहे तेवढीच राहते.

म्हणून निघोजला अवश्य जा. जवळच पिंपळनेरला निळोबारायांची समाधी आहे, तिचेही दर्शन घ्या. तुकोबारायांची देहाने भेट नसताना स्वप्नात ज्यांना अनुग्रह झाला, असे ते सत्पुरुष. कुंडांच्या काठी निवांत बसा, मन निवू द्या. त्या शांतीला कमी लेखण्याचे कारण नाही. ती देवाचीच देणगी. फक्त ती उसनवारी आहे, हे जाणून घरी या आणि इंद्रायणीच्या काठी तिची परतफेड सुरू करा.

राम कृष्ण हरी.