'पुट ऑफ' आणि 'देऊन बसणं'

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात दहावीतल्या एका मुलाची इंग्रजीची वही चाळायला मिळाली. डाव्या रकान्यात 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'लुक आफ्टर', 'पुट अप विथ'. उजव्यात सोडून देणे, पुढे ढकलणे, सांभाळणे, सहन करणे. आणि वर शिकवणीतल्या सरांनी सांगितलेली सूचना, दोनदा अधोरेखित : 'नियम नाही. पाठच करणे.' पाठांतराचं मला वावडं नाही. खटकलं ते 'नियम नाही' एवढंच.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. शाळेत त्यानं सगळ्यांनाच छळलेलं असतं. परक्यांना हे प्रकरण सगळ्यात जड जातं, अशी नोंद सॅम्युएल जॉन्सननं आपल्या 1755च्या कोशाच्या प्रस्तावनेतच करून ठेवली आहे. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र छापून आलं 1925 साली, लोगन पिअर्सॉल स्मिथच्या पुस्तकात.

आता नियमाचं. 'ईट अप', 'यूज अप', 'फिनिश अप' या सगळ्यांत 'अप' काय करतो? वर नेत नाही, संपवतो. खाऊन टाक, वापरून टाक, उरकून टाक. आपलं 'टाकणं' तरी कुठे काही टाकतं? बिल भरून टाकणारा माणूस काही फेकत नाही, विषय मिटवतो. मराठीच्या तासाला हेच पोर संयुक्त क्रियापद शिकतं, इंग्रजीच्या तासाला फ्रेजल व्हर्ब, आणि दोघांची गाठ कोणी घालून देत नाही.

गेवराईच्या या पट्ट्यातलंच उदाहरण घ्या. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात; त्याआधी मुकादम कोयत्यामागे उचल देतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमानं 'उचल देऊन ठेवली' म्हणजे पुढची सोय केली. 'देऊन टाकली' म्हणजे एकदाचं मोकळा झाला. आणि 'देऊन बसला' म्हणजे जोडी दुसऱ्याच टोळीबरोबर निघून गेलेली, आणि हा आता कपाळाला हात लावून आहे. पैसे तेच, बदललं ते बोलणाऱ्याचं मन. परका माणूस शब्दकोश घेऊन आला तर त्याला वाटेल, मुकादमानं पैसे दिले आणि मग तो खाली बसला. 'पुट ऑफ' वाचताना आपलं जे होतं, तेच त्याचं.

इथे मला एक भेद करावासा वाटतो, आणि तो मी भाषेबद्दल बोलताना पुन्हा पुन्हा करतो : समजणं वेगळं, सुचणं वेगळं. 'अप'चा संपवण्याशी संबंध कळला की पुस्तकात 'ड्रिंक अप' दिसताच अर्थ लागतो. पण त्या मुलाला मुलाखतीत बोलताना 'पोस्टपोन'ऐवजी 'पुट ऑफ' सुचेल का?

हा भेद न ओळखणारा एक मोठा माणूस होऊन गेला, सी. के. ऑग्डन. त्यानं 1930 साली 'बेसिक इंग्लिश' मांडलं : 850 शब्दांत सगळं जग, आणि त्यांत क्रियापदं अवघी 18. अवघड क्रियापदं बाद; त्यांचं काम 'पुट', 'गेट', 'गिव्ह', 'टेक' यांनी 'अप', 'ऑफ', 'आउट' यांना हाताशी धरून करायचं. चर्चिलनं 1943 साली हार्वर्डच्या भाषणात या योजनेची तारीफ केली. हिशेब दिसायला चोख. पण 'पुट', 'अप' आणि 'विथ' हे तिन्ही शब्द त्या 850मध्ये आहेत, आणि ते वेगवेगळे येत असले तरी तिघे मिळून 'सोसणं' होतं हे कुठून कळावं? ऑग्डननं शब्द कमी केले, अर्थ कमी केले नाहीत. ते त्याच शब्दांच्या पोटात कोंबले. इंग्रजाला 'पुट ऑफ' सोपं आणि 'पोस्टपोन' भारदस्त वाटतं. आपलं बरोबर उलटं आहे. एका शब्दाला एक अर्थ असला की आपण तो बिनदिक्कत उचलतो.

याचा पुरावा चकलांब्याच्या स्टँडवरच मिळतो. पेपर पोस्टपोन होतो, गाडी कॅन्सल होते, अर्ज रिजेक्ट होतो. 'कॉल ऑफ' कोणी म्हणत नाही. मग फ्रेजल व्हर्ब गावात आलेच नाहीत का? आले, पण नाम होऊन. पिकअप म्हणजे कांदा वाहणारी गाडी, आणि चढावर दम लागणाऱ्या मोटारसायकलला जो नसतो तोही पिकअपच. ले-आउट म्हणजे प्लॉट पाडलेली जमीन. कट-ऑफ लागतो, ब्रेकडाऊन होतो, दवाखान्यात चेकअप करतात, फोन स्विच ऑफ लागतो. मराठीनं त्यांच्यातलं क्रियापद काढून घेतलं आणि कामाला आपली करणं, होणं, लागणं जुंपली. मला यात भाषेचा धूर्तपणा दिसतो. क्रियापदाच्या जागेवर ती सहसा परक्याला बसू देत नाही.

तर मग यादी फेकून द्यावी आणि 'अप म्हणजे संपवणं' असे नियम शिकवावेत? इथवर मी त्याच बाजूनं चाललो होतो. पण माझंच उदाहरण आडवं येतं. 'देऊन बसला' मला कोणत्या नियमानं आलं? 'जेवून बस' यात पश्चात्ताप नाही आणि 'देऊन बसला' यात आहे, हे मला कोणी शिकवलं नाही. ते कानावरून आलं, शेकडो वेळा, ओट्यावर आणि पारावर. नियमानं मला फक्त नंतर त्याचं स्पष्टीकरण मिळालं. इंग्रजीचा असा कान चकलांब्यात कुठून आणायचा? राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. घराघरांत इंग्रजी बोलणारी माणसं काही त्याबरोबर आली नाहीत. त्यात काही पोरांचं निम्मं वर्ष आईबापांबरोबर उसाच्या फडात जातं. कान सोबत नेता येत नाही. वही नेता येते. शिकवणीतल्या सरांची यादी म्हणजे न मिळालेल्या कानाची भरपाई आहे, तोकडी असली तरी. ती काढून घ्यायचा अधिकार मला नाही.

फक्त उजव्या रकान्यात मराठी अर्थाऐवजी अख्खं इंग्रजी वाक्य हवं. पाठ करायचंच तर वाक्य करावं. 'स्विच इट ऑफ' असं पाठ केलेलं पोर 'स्विच ऑफ इट' म्हणणार नाही, आणि सर्वनाम मध्ये येतं हा नियम त्याला वेगळा घोकावा लागणार नाही. पण 'लुक आफ्टर हिम' म्हणताना ते सर्वनाम शेवटी जातं, हेही त्याला वाक्यच सांगेल.

आणि परीक्षेनं समज तपासावी. उताऱ्यात 'पुट ऑफ' येऊ द्यावं, त्याचा अर्थ विचारावा, उत्तरात पोरानं 'पोस्टपोन' लिहिलं तर पूर्ण गुण द्यावेत. रिकाम्या जागेत नेमका 'ऑफ'च सुचला पाहिजे असा हट्ट धरला, की परीक्षा अभ्यासाची राहत नाही. घरात कोण कोणती भाषा बोलतं, याची होते.