घरचा हलवा व देणगीचे मोल

नाताळ आणि मकरसंक्रांत या दोन सणांमध्ये अवघ्या तीन आठवड्यांचे अंतर असते. या थोड्या दिवसांत पुण्यासारख्या शहरात एकाच इमारतीतून गोड जिन्नसांची ताटे दोन्ही दिशांनी जातात. नाताळात आमच्या घरांतून करंज्या, शंकरपाळे व केक शेजाऱ्यांकडे जातात. संक्रांतीस शेजाऱ्यांच्या घरांतून तिळगूळ व हलवा आमच्याकडे येतो. खेड्यांतील मंडळ्यांतही थोड्याफार फरकाने हीच रीत दिसते. या देवघेवीसंबंधाने एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. जो जिन्नस दुकानात आयता मिळतो तो घरी खपून करावा व मग दुसऱ्यास द्यावा, यात काही अधिक चांगुलपणा आहे काय? की तो केवळ वेळेचा अपव्यय होय? प्रश्न मूठभर हलव्याचा दिसतो. परंतु देणे म्हणजे काय, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात आहे. म्हणून आपण त्याचा शांतपणे विचार करू.

प्रथम हा जिन्नस कसा होतो ते पाहिले पाहिजे. हलवा म्हणजे तिळावर साखरेच्या पाकाची पुटे चढवून केलेला काटेरी दाणा. तिळाऐवजी खसखस, शेंगदाणे, काजू, बदाम, लवंगा किंवा साबुदाणाही घेतात. साखरेच्या पाकात थोडे दूध घातले म्हणजे मळी वर येते; ती काढून पाक स्वच्छ करितात. परात मंद निखाऱ्यांवर ठेवून तीत तीळ पसरितात. मग पाक चमचाभर सोडावयाचा, बोटांनी दाणे सारखे फिरवावयाचे, आणि ते कोरडे झाले म्हणजे दुसरा चमचा सोडावयाचा. पाकातील पाणी आटते, साखरेचे कण दाण्यावर बसतात, एका पुटावर दुसरे चढते आणि अखेर काटा फुटतो. विस्तव अधिक झाला तर साखर पिवळी पडते. पाक एकदम ओतला तर दाणे चिकटून गोळा होतो. हात थांबला तर काटा येत नाही. थंडीत, विशेषतः पहाटे, काटा चांगला येतो असा जाणत्या स्त्रियांचा अनुभव आहे. वाटीभर तिळांचा हलवा होण्यास कित्येक तास लागतात. पुष्कळ घरी हे काम दोन-तीन दिवस थोडे थोडे चालते. तापलेल्या परातीत बोटे पोळतात ती निराळीच.

दाण्यावर साखर चढविण्याची ही कला एकट्या महाराष्ट्राची नाही. इटलीतील सुल्मोना हे गाव साखर चढविलेल्या बदामांसाठी प्रसिद्ध आहे आणि तेथील लोक लग्नात असे पाच बदाम पाहुण्यांस देतात. अफगाणिस्तानात व इराणात त्याच जातीच्या मिठाईस नुकुल म्हणतात. जर्मनीत नाताळच्या बाजारात साखरेत परतलेले गरम बदाम विकतात, आणि अमेरिकेत नाताळच्या भेटीसाठी घरोघरी अक्रोड व इतर दाणे साखरेत घोळवून बरण्या भरितात. आमच्याकडे नव्या सुनेस पहिल्या संक्रांतीस हलव्याचे दागिने घालितात आणि लहान मुलाच्या बोरन्हाणातही तेच दागिने असतात. कोठेही पाहा, हा जिन्नस पोट भरण्यासाठी केलेला नसतो. दोन घरे किंवा दोन माणसे एकमेकांच्या जवळ यावयाची असतात तेव्हा तो पुढे केला जातो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरचे का चांगले, असे विचारिले असता पहिले उत्तर असे येते की घरचे स्वच्छ असते व स्वस्त पडते. हे खरे असले तरी ते सोयीचे कारण झाले. त्याने जिन्नसाचा गुण वाढेल, देणाऱ्याचा वाढेलच असे नाही. दुसरे उत्तर असे की घरच्या जिन्नसात श्रम असतात, म्हणून तो अधिक मोलाचा. हे उत्तर मनास पटते. परंतु ते जसेच्या तसे घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, श्रम कोणाचे? पुष्कळ घरी हलव्यापुढे बसते ती गृहिणी किंवा सून, आणि पुडा हाती घेऊन मित्रांकडे जातो तो घरधनी. लोक म्हणतात, अमक्या साहेबांनी घरचा हलवा पाठविला. साहेबांनी परात चुलीवरून उतरवावयासही हात लाविलेला नसतो. जे आपण केले नाही व ज्यासाठी आपण काही सोसले नाही, ते आपल्या नावाने देणे म्हणजे दुसऱ्याच्या पदरचे देणे होय. त्यातही त्या स्त्रीस कोणी विचारिले नसेल, रीत म्हणून तिच्यावर ते काम पडले असेल, तर ते दान नसून वेठ आहे. वेठीतून निघालेला गोडवा आम्हांस गोड म्हणवत नाही.

दुसरी गोष्ट, श्रम कशासाठी? आमच्या हलव्याचा काटा शेजारणीच्या हलव्यापेक्षा टोकदार दिसावा, आमच्या करंजीची मुरड सर्वांनी वाखाणावी, अशा हेतूने रात्री जागविणारी माणसे आहेत. कौशल्याचा आनंद मानणे यात दोष नाही. परंतु ज्याला द्यावयाचे त्याची आठवणही मनात नसून आपल्या नावलौकिकाची मात्र असेल, तर तो जिन्नस प्रदर्शनात मांडावयाचा आहे. शेजाऱ्याच्या हाती तो चुकून पडला एवढेच.

तिसरी गोष्ट, परतफेडीचा हिशोब. त्यांच्याकडून पाव शेर आला म्हणून आपणही पाव शेर पाठवावा, त्यांनी विकतचा दिला म्हणून आपणही विकतचाच द्यावा, असा जमाखर्च पुष्कळ घरांत मनातल्या मनात चालतो. जे मोजून दिले आणि मोजून घेतले ते उसने झाले. वास्तविक खाण्याच्या वस्तूचा मोठा गुण हा की ती संपून जाते. चांदीची वाटी दिली तर ती कपाटात राहून वर्षानुवर्षे देणाऱ्याची आठवण करून देते, आणि कधी कधी त्या आठवणीचे ओझेही होते. हलवा मुलांनी दोन दिवसांत संपविला म्हणजे मागे ऋण म्हणून काही उरत नाही. आपणच हिशोब ठेवून ते ऋण पुन्हा उभे करितो.

येथे कोणी आक्षेप घेईल की, असे असेल तर विकतचा हलवा देणारा हीन ठरेल काय? आमच्या मते मुळीच नाही. पुण्यात तुळशीबागेत व इतर पेठांत संक्रांतीपूर्वी हलव्याच्या दागिन्यांची विक्री होते. ते दागिने करणाऱ्यांत घरी बसून एकेक दाणा दोऱ्यात गुंफणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत आणि त्या मिळकतीवर काहींच्या मुलांची फी भरली जाते. ज्या बाईस कचेरीत दिवसभर काम आहे, किंवा ज्या म्हाताऱ्यास शेगडीपुढे बसवत नाही, त्याने अशा स्त्रीकडून हलवा घेऊन दिला तर त्याने दोन घरांस गोड केले. मात्र एक अट आहे. तिच्याशी घासाघीस करून, चार आठ रुपये पाडून घेतलेला हलवा ‘गोड बोला’ असे म्हणत दुसऱ्याच्या हाती देणे हे विसंगत आहे. ज्या हातांनी तो केला त्यांच्याशी आपण आधी गोड बोललो काय, हे देणाऱ्याने स्वतःस विचारावे.

यावरून आम्हांस असे दिसते की देणगीचे मोल साखरेत नाही आणि निव्वळ घामातही नाही. मनुष्यापाशी परत न येणारी एकच संपत्ती आहे, ती म्हणजे वेळ. पैसा गेला तर पुन्हा मिळेल. आज सकाळचे चार तास पुन्हा मिळणार नाहीत. ते तास आपल्या खुषीने, अमुक एका माणसाची आठवण मनात धरून, त्याच्यासाठी खर्च केले असतील तर हलव्याचा काटा बोथट आला तरी देणगी खरी. घरी केलेल्या जिन्नसास हे साधणे सोपे जाते, कारण हात कामात असता मन त्या माणसापाशी राहू शकते. घरच्या हलव्याचा अधिकपणा एवढाच आहे, आणि तो थोडा नाही. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. तेथेही नाणी कोणी मोजली नाहीत, तिच्यापाशी मागे काय उरले ते पाहिले.

परंतु देण्याचा विचार येथे थांबत नाही. खाद्यवस्तू दिली म्हणजे ती कोणीतरी तोंडात घालावी लागते, आणि तोंडात घालणे हा देणाऱ्याच्या हातावरील विश्वास होय. या बाबतीत पुणे शहराने दोन मोठे धडे दिले आहेत. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानिलेल्या लोकांस खुला केला. देणाऱ्याने भिंत पाडली ती अशी. पुढे १८९० साली येथील पंच हौद मिशनात एका व्याख्यानास महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक इत्यादी मंडळी गेली असता त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे ठेविली गेली. गोपाळ विनायक जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध केली, शहरात ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ साली रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. पेलाभर चहाने एवढे मोठे शहर ढवळून निघाले, याचे कारण चहात नव्हते. कोणाच्या हातचे घ्यावयाचे, या प्रश्नात ते होते.

त्या काळच्या लोकांस हसणे सोपे आहे. परंतु आमच्या मंडळ्यांतून मूळच्या जातींची आठवण अगदी पुसली गेली आहे असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय? उपासनेस एका बाकावर बसणारा गृहस्थ अमुक घरचा डबा आला म्हणजे ‘आम्हांस गोड वर्ज्य आहे’ असे म्हणून परत पाठवितो, आणि दुसऱ्या घरचा ठेवून घेतो. ज्यास खरोखर मधुमेह आहे त्याने एक दाणा तोंडात टाकून बाकीचा मुलांस वाटावा. एक तीळ सात जणांनी वाटून खावा असे आपल्याकडे म्हणतातच. पण आजाराच्या आड दुसरेच काही लपले असेल तर ते ज्याचे त्यास कळते, आणि डबा परत नेणाऱ्या मुलासही कळते. गरिबाने दिलेले न घेणे म्हणजे त्यास कायमचा याचक करून ठेवणे होय. देणारा होण्याचा मान त्यालाही हवा असतो, आणि तो त्यास देणे सर्वस्वी घेणाऱ्याच्या हाती असते.

तेव्हा येत्या सणास आमच्या वाचकांनी एवढे करून पाहावे. हलवा किंवा करंज्या घरी करावयाच्या असतील तर त्या बायकांवर न टाकिता पुरुषांनी व मुलांनी परातीपुढे पाळीपाळीने बसावे. बोटे पोळली म्हणजे देण्याचा अर्थ पुस्तकावाचून कळेल. पहिला पुडा परतफेड करू शकणार नाही अशा घरी न्यावा, आणि तो नोकराहाती न पाठविता स्वतः न्यावा. घटकाभर त्यांच्या ओसरीवर बसावे. त्यांनी गुळाचा खडा व तांब्याभर पाणी पुढे केले तर ‘कशाला, कशाला’ म्हणू नये. तो खडा तेथेच, त्यांच्या देखत, तोंडात टाकावा.